गावऱ्हाटीतला देव नेमकं काय काम करतो? (चर्चेचा धागा)

सड्यावरचा

गणपती, शिमगा आणि जत्रा या तीन वेळी मुंबई-पुण्याहून गावाला आलेली तरुण मंडळी देवळात एक प्रश्न हमखास विचारतात: हे सगळं करायचं कशासाठी? उत्तर मिळतं, 'पूर्वापार चालत आलंय.' विचारणाऱ्याचं समाधान होत नाही आणि सांगणाऱ्यालाही पुढचं सांगता येत नाही. असंच चाललं तर विधी राहतील आणि त्यामागचं कारण जाईल, म्हणून हा धागा.

माझं मत आधी मांडतो. गावऱ्हाटीत, म्हणजे गावच्या देवांभोवती बांधलेल्या रीतीभातीत, मोक्ष आणि परलोक यांची चर्चा फार कमी होते. तिथला धर्म म्हणजे विचारून करणं. गावच्या जमिनीचा, पाण्याचा, रानाचा मूळ धनी देव, आणि माणसं वहिवाटदार. धन्याला विचारल्याशिवाय देवराईतलं झाड तोडायचं नाही, देवळाच्या छपराला हात लावायचा नाही. मालवण तालुक्यातल्या आंगणेवाडीच्या भराडी देवीच्या जत्रेला लाखो लोक येतात, पण तिची तारीख पंचांगात शोधून सापडत नाही. ती देवीच्या कौलाने, म्हणजे तिला विचारून मिळालेल्या होकाराने, ठरते आणि मग मुंबईची माणसं रेल्वेचं तिकीट काढतात.

जाणकारांनी आपापल्या भागातली रीत नेमकी लिहावी. कोण करतं, कशाने करतात, कुठे बिघडतं, का बिघडतं. वैयक्तिक प्रचिती आणि चमत्कार यांसाठी वेगळा धागा काढू.

तरंगकाठी

सिंधुदुर्गापुरतं लिहितो. गावची मूळ देवता बहुतेक ठिकाणी सातेरी, म्हणजे भूमी. तिचं रूप वारूळ. तिच्या जोडीला रवळनाथ, भूमका, माऊली, पावणाई, वेतोबा, लिंग, गांगो, पूर्वस, आणि वेशीवर, व्हाळाच्या (ओढ्याच्या) कडेला राखणदार. प्रत्येकाची हद्द आणि काम ठरलेलं. आरवलीचा वेतोबा रात्री गावभर फिरून राखण करतो अशी श्रद्धा आहे, म्हणून त्याला चामड्याच्या भल्यामोठ्या वहाणा आणि केळीचे घड वाहतात. फिरणाऱ्या देवाला जे लागतं तेच द्यायचं, इतका सरळ हिशेब.

मानकऱ्यांची नावं आणि आडनावं गावागणिक बदलतात, पण कामाची वाटणी बहुतेक गावांत सारखी आहे. काय विचारायचं ते गावकर ठरवतात, गाऱ्हाणं, म्हणजे देवापुढे मोठ्याने मांडायचं मागणं, घाडी घालतो, कौलासाठी पाषाणाला, म्हणजे देवाच्या दगडी मूर्तीला, कळे गुरव लावतो. प्रश्न ठरवणारा, प्रश्न मांडणारा आणि उत्तर घेणारा हे तिघे वेगळे. एकाच्याच हातात तिन्ही कामं गेली की त्या गावात कौलावर वाद सुरू झालाच म्हणून समजा.

गाऱ्हाण्याचीही एक बांधणी असते. आधी स्थळाची सगळी देवस्थानं मानाच्या क्रमाने घ्यायची, राखणदार आणि पूर्वसासकट. मग कोण आलाय, कुठून आलाय, काय ठेवलंय ते सांगायचं. 'बा देवा म्हाराजा, ह्या लेकरान तुझ्या पायाशी श्रीफळ ठेवलेला आसा, ता मान्य करून घे.' जमलेल्यांनी 'व्हय म्हाराजा' म्हणायचं. त्यानंतर चुकलंमाकलं पदरात घेण्याची विनंती, मग मागणं, आणि शेवटी 'जी काय इडापिडा आसात ती बारा वाटेर कर.' नारळ शेंडी देवाकडे करून ठेवायचा, बाजूला दोन पानांचा विडा, सुपारी आणि नाणं. नारळ फोडला की एक कवड देवाला राहते, दुसरी घरी जाते.

सगळ्यात जास्त चूक होते ती क्रमात. एखादं स्थळ राहिलं की जुनी माणसं तिथेच थांबवतात आणि गाऱ्हाणं पुन्हा पहिल्यापासून घालायला लावतात. यात हट्ट नाही. त्या क्रमात गावचा नकाशा साठवलेला आहे: कुठली वेस कोणाच्या हद्दीत, कुठल्या व्हाळाचा धनी कोण.

अबोली

'व्हय म्हाराजा' हा त्यातला सर्वांत महत्त्वाचा भाग आहे असं मला वाटतं. मागणं एकाचं असलं तरी ते चारचौघांत उच्चारावं लागतं आणि चारचौघांनी त्याला होकार द्यावा लागतो. भावाच्या वाईटाचं मागणं असं उघड्यावर कोणी मागत नाही.

आता कौलाबद्दल. पाषाण स्वच्छ पाण्याने धुवून घेतात. त्यावर ठरलेल्या जागी फुलांचे कळे, पाकळ्या किंवा पानांचे तुकडे ओल्या बोटाने चिकटवतात. काही ठिकाणी तांदळाचे दाणे. जागा आणि संख्या प्रत्येक देवळाची वेगळी, त्यामुळे एका गावची रीत दुसऱ्या गावाला लावू नये. प्रश्न घालतात आणि वाट पाहतात. उजवीकडचा आधी पडला तर होकार, डावीकडचा पडला तर नकार. उजवा म्हणजे बहुतेक ठिकाणी देवाचा उजवा, समोर उभ्या असलेल्या माणसाची डावी बाजू. बाहेरून आलेले इथेच फसतात आणि नकाराला होकार समजून घरी जातात.

बिघडतं कुठे? पहिलं म्हणजे प्रश्न. 'घर बांधू का आणि पूर्वेला दार काढू का' असे दोन प्रश्न एकात घातले तर उत्तर कशाचं मिळालं ते कळत नाही. एका वेळी एकच, हो किंवा नाही इतकंच उत्तर येईल असा प्रश्न हवा. दुसरं, ओलावा. पाकळी जास्त भिजली तर तासभर हलत नाही, कोरडी राहिली तर हात काढताक्षणी पडते. तिसरं, पंखा. गाभाऱ्याबाहेरचा पंखा चालू ठेवून घेतलेला कौल ग्राह्य धरायला जाणता गुरव तयार होत नाही. चौथं कारण नवं आहे: पाषाणावर चांदीचं कवच बसवतात. गुळगुळीत चांदीवर कळा टिकत नाही. कवच कौलाच्या दिवशी उतरवता येईल असंच करून घ्यावं.

भरती_ओहोटी

माहिती उत्तम. पण शंका विचारतो, राग मानू नये. पाकळी पडणं हे ओलाव्यावर आणि वजनावर अवलंबून आहे हे तुम्हीच सांगितलंत. मग यात आणि नाणं उडवण्यात फरक काय?

अबोली

राग कसला, प्रश्न रास्त आहे. पाकळी का पडते याचं उत्तर भौतिकशास्त्राकडेच आहे. फरक पडतो तो तिच्या आधी आणि नंतर. आधी गाव एकत्र येतं, वाद घालतं आणि वादाचा एक प्रश्न करतं. निम्मं भांडण तिथेच मिटतं, कारण प्रश्न कसा घालायचा यावर एकमत करावं लागतं. नंतर ज्याच्या विरुद्ध कौल गेला त्याला शेजाऱ्याकडून हरल्यासारखं वाटत नाही. त्याने देवाचं ऐकलेलं असतं, आणि दुसऱ्या दिवशी तो शेजाऱ्याच्या पंगतीला बसू शकतो. श्रद्धा असलेल्याला यापलीकडेही अर्थ आहे आणि तो मला मान्य आहे. पण श्रद्धा नसलेल्यालाही इतकं दिसायला हरकत नाही.

मर्यादाही सांगते. आजारपण, मुलीचं लग्न, कोणी करणी केली का, चोरी कोणी केली, असले प्रश्न कौलाला घालू नयेत. तापाला डॉक्टर. आणि माणसाचं नाव घेऊन आरोप ठरवायचा असेल तर तो जादूटोणाविरोधी कायद्याच्या, 2013 च्या, कक्षेत जाऊ शकतो. गावाच्या सामाईक कामापुरता कौल ठेवला तर तो टिकेल.

वहिवाट

इथे सगळं गोड चाललंय म्हणून दुसरी बाजू लिहितो. गावऱ्हाटीतले मान जातीने बांधलेले आहेत. वाजवण्याचं, वेशीवरच्या बळीचं, मृत जनावर ओढण्याचं काम ज्यांच्यावर लादलं होतं त्यांना 'मानकरी' म्हणायचे, पण गाभारा त्यांना बंदच होता. महाडचा चवदार तळ्याचा सत्याग्रह 20 मार्च 1927 चा, आणि महाड कोकणातच आहे. रत्नागिरीचं पतितपावन मंदिर 1931 साली उभं राहिलं ते सर्वांना प्रवेश देणारं वेगळं देऊळ हवं होतं म्हणूनच. 1956 च्या धम्मदीक्षेनंतर गावोगावच्या बौद्ध कुटुंबांनी ती कामं सोडली. योग्यच केलं. 'त्यांनी रीत मोडली' असं अजूनही कुठे कुठे ऐकू येतं, तेव्हा ती रीत कोणासाठी काय होती हे आठवावं.

दुसरं, वाळीत टाकणं. पालखी दारावर न्यायची नाही, दुकानातून सामान द्यायचं नाही, मयताला जायचं नाही. हे देवाच्या नावाने झालं तरी गुन्हाच आहे. सामाजिक बहिष्काराविरुद्धचा महाराष्ट्राचा 2016 चा कायदा त्यासाठीच आला: तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. गावकीच्या बैठकीच्या वहीत 'अमक्याच्या घरी पालखी नेऊ नये' असा ठराव लिहिणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं. तोच कागद पुरावा होतो.

तरंगकाठी

वहिवाट, पूर्ण अनुमोदन. विचारून करणं हा धर्म असेल तर विचारायचा हक्क गावातल्या प्रत्येकाला हवा.

तेरडा

आतापर्यंतचे सगळे प्रतिसाद देवळापुरते, म्हणजे पुरुषांच्या हातातल्या धर्मापुरते आहेत. घरातला धर्म बायका चालवतात आणि त्याचे नियम तितकेच काटेकोर आहेत. गौरीचं घ्या. अनुराधा नक्षत्रावर गौर आणायची, ज्येष्ठेवर पूजन, मूळ नक्षत्रावर विसर्जन. कोकणात बऱ्याच घरी मुखवट्याऐवजी तेरड्याची रोपं मुळासकट उपटून पाणवठ्यावरून आणतात. जे त्या पावसात बांधावर उगवलं तेच देवीचं रूप. कितीतरी घरी दुसऱ्या दिवशी तिला तिखटाचा नैवेद्य असतो, मटण-वडे किंवा चिंबोऱ्या. माहेरवाशीण आहे, तिला आवडीचं जेवण मिळणारच.

नव्या सुनेचा ओवसा, म्हणजे गौरीला सुपं वाहण्याचा विधी, मात्र कोणत्याही वर्षी होत नाही. गौरी पूर्वा नक्षत्रात याव्या लागतात. हे नक्षत्र चंद्राचं नव्हे. चंद्र तेव्हा अनुराधा-ज्येष्ठेतच असतो. हे पावसाचं, म्हणजे सूर्याचं नक्षत्र, साधारण 30 ऑगस्ट ते 13 सप्टेंबर. अधिक मासामुळे गौरी सप्टेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात गेल्या की ओवसा पुढच्या वर्षावर. लग्न ठरल्यावर पंचांग बघून ठेवलं तर ऐन वेळची धावपळ वाचते.

सुपं नवी, बांबूची, पाच किंवा घरच्या रितीप्रमाणे जास्त. प्रत्येक सूप दोऱ्याने सुतवून हळद-कुंकू लावायचं. आत रानातली पानं, फळं, काकडी, सुकामेवा, सुपारी, खण, नारळ. पहिलं सूप गौरीला, मग सासर-माहेरच्या वडीलधाऱ्यांना. ते सुपात ओवाळणी घालतात. प्लॅस्टिकची सुपं आता बाजारात आली आहेत. ती घेऊ नयेत, कारण सूप विणणाऱ्या बुरुडाची वर्षाची कमाई या चार दिवसांत असते. तोही या सणाचा एक मानकरीच.

सड्यावरचा

तेरडा, हे राहूनच गेलं असतं. रत्नागिरीकडच्या कोणी पालखीबद्दल लिहा.

सहाण

लिहितो. शिमगा फाल्गुन शुद्ध पंचमीपासून लागतो. काही गावांचे तेरसे शिमगे, म्हणजे होम त्रयोदशीला, काहींचे भद्रेचे, म्हणजे पौर्णिमेला. शेजारच्या गावांचे होम वेगळ्या दिवशी असल्याने पाहुणे, ढोल-ताशे आणि खेळे दोन्हीकडे पुरतात. देवाची रुपी, म्हणजे मुखवटे, वर्षभर बंदोबस्तात असतात. ती पालखीत बसवून बांधायची, म्हणजेच रुपी लावायची. पालखी देवळातून निघून सहाणेवर, म्हणजे तिच्या ठरलेल्या ओट्यावर, येते, होमानंतर घरं घ्यायला निघते.

इथे वर्षभर देवळात जाऊ न शकणारी म्हातारी माणसं, बाळंतिणी, आजारी यांच्या दारात देव स्वतः येतो. पालखीचा अर्थ मला तरी यातच दिसतो, म्हणून वेळेचं गणित चुकवू नये. एका घरी बारा मिनिटं धरली, म्हणजे पालखी टेकणं, ओटी, गाऱ्हाणं, नाचवणं आणि पुढच्या घरापर्यंतची वाट, तर शंभर घरांना वीस तास लागतात. दहा-दहा तासांचे दोन दिवस. वाडी मोठी असून एकाच दिवशी सगळी घरं उरकायची ठरवली की शेवटच्या वाडीत पालखी पहाटे तीनला पोचते, भोई थकलेले, पोरं झोपलेली. चाकरमान्यांची सुट्टी संपते म्हणून घाई होते हे खरं. पण मग दिवस वाढवा, घरं गाळू नका. वाड्यांचा क्रम मानाने ठरलेला असेल तर तो सांभाळून प्रत्येक वाडीला वेळ आधी कळवावी. हल्ली व्हॉट्सॲपवर ते सोपं झालंय.

घरात तयारी मोजकी लागते. अंगण सारवलेलं, चौरंग किंवा दोन पाट, तांब्याभर पाणी पायांवर घालायला. ओटीत खण, नारळ, पाच मुठी तांदूळ, हळकुंड, सुपारी, विड्याची पानं. पत्र्याची पडवी ठेंगणी असेल तर पालखी कुठे टेकणार ते आधी बघा. दांडी लांब असते, वळवताना झुंबरं आणि वायरी अडकतात.

नाचवताना अपघात होतात ते रुपी सैल बांधल्याने आणि भोई अदलाबदल करताना. एका वेळी एकच खांदा बदलावा, दोन्ही टोकांचे एकदम नाही. आणि दारू पिऊन दांडीला हात लावू देऊ नये, मान कोणाचाही असो.

सातवीण

देवराईबद्दल. राईचं रक्षण झालं ते भीतीमुळे असं सरसकट म्हणतात. माझ्या मते भीतीपेक्षा मालकी महत्त्वाची. झाड देवाचं, म्हणून ते कोणाच्याही वाटणीत आलं नाही. ऐन, किंजळ, सातवीण, बेहडा, सुरंगी, रातांबा, गारंबीच्या वेली, सगळं उभं राहिलं. दोडामार्गातल्या हेवाळे-बांबर्ड्याच्या राईत जंगली जायफळाची दलदल टिकून आहे आणि आज ते जैवविविधता वारसा स्थळ आहे. पाण्यात उभी असणारी ती झाडं श्वासासाठी गुडघ्यासारखी वाकलेली मुळं वर काढतात. राईतली हीच ओल खालच्या व्हाळाला मे महिन्यापर्यंत पाणी देते.

आता राया तुटण्यापेक्षा 'सुधारण्याने' जास्त मरताहेत. पालापाचोळा साफ करतात, जमिनीवर पेव्हर ब्लॉक घालतात, झाडांभोवती सिमेंटचे पार बांधतात. पाला गेला की पावसाचं पाणी मुरायचं थांबतं, धो धो वाहून जातं आणि माती नेतं. बुंध्याला घट्ट पार बांधला तर मुळांना हवा मिळत नाही, आठ-दहा वर्षांत झाड वरून वाळायला लागतं. जत्रेसाठी जागा हवीच असेल तर राईबाहेर करा. आत फक्त पायवाट, तीही जांभ्याचे चिरे सुटे ठेवून. वृक्षारोपण म्हणून ऑस्ट्रेलियन बाभूळ आणि गुलमोहर राईत लावू नयेत. मोकळी जागा सोडून दिली तर पडलेल्या बियांतून राई स्वतः भरून येते.

सातबारा आजच काढून बघा. कब्जेदार म्हणून देवाचं नाव आहे का, वहिवाटदार कोण, खाजगी वन म्हणून नोंद आहे का. आणि ग्रामपंचायतीच्या लोक जैवविविधता नोंदवहीत राई लिहून घ्या. रस्ता किंवा खाण येते तेव्हा श्रद्धा कोणी विचारत नाही, नोंद विचारतात.

खाडीकाठ

गावऱ्हाट फक्त हिंदूंची असं समजू नये. रत्नागिरीजवळ हातिसला पीर बाबरशेखचा उरूस माघी पौर्णिमेला भरतो आणि त्याची व्यवस्था गावचे हिंदू ग्रामस्थ बघतात.

अलिबागकडच्या बेने इस्रायल, म्हणजे कोकणातल्या ज्यू, लोकांचंही उदाहरण सांगण्यासारखं. त्यांचे पूर्वज नवगावच्या किनाऱ्याला गलबत फुटून लागले अशी त्यांची परंपरा. तेल गाळायचे आणि शनिवारी घाणा बंद ठेवायचे म्हणून 'शनवार तेली'. नवस फेडायला ते मलिदा करतात: भिजवलेले पोहे, गूळ किंवा साखर, ओलं खोबरं, वेलची, सुकामेवा, भोवती फळं, आणि एलियाहू हनाबी या प्रेषिताची प्रार्थना. अलिबागजवळच्या खंडाळ्याला एलियाहूच्या रथाच्या खुणा दगडावर दाखवतात. देव एक आणि निराकार मानणारी परंपरा, पण ताटात आले ते कोकणचे पोहे आणि नारळ.

भरती_ओहोटी

गावपळणीचं कारण काय सांगतात? रोगराई की अजून काही?

तरंगकाठी

आचऱ्यात साधारण दर चार वर्षांनी रामेश्वराचा कौल घेऊन तीन दिवस तीन रात्री गाव वेशीबाहेर जातं. गुरं, कोंबड्या, कुत्रीसुद्धा. चिंदर, वायंगणीलाही आहे. वैभववाडीच्या शिराळ्यात दरवर्षी. स्वच्छता, साथी, हवापालट अशी कारणं हल्ली जोडतात. ती कोणी सिद्ध केलेली नाहीत, आणि त्यांची गरजही नाही. परत येतानाही कौल लागतो, हे बघा. गाव आपलंच, घर आपलंच, तरी आत यायला परवानगी. श्रीमंताचा बंगला आणि गरिबाचं खोपटं तीन दिवस सारखंच रिकामं असतं आणि सगळी माळावर एकाच प्रकारच्या राहुट्यांत.

देवळातला_चिरा

उशिरा आलो. आमच्या भागात बरेच जीर्णोद्धार निघालेत. निधी जमलाय, ठेकेदार आरसीसी आणि ग्रॅनाइट सांगतोय. जाणकारांचं मत हवं.

वहिवाट

आधी कागद. देवस्थान न्यास म्हणून नोंदलेलं आहे का, विश्वस्त हयात आहेत का ते बघा. विश्वस्त बदलले असतील तर बदल अर्ज नव्वद दिवसांत द्यायचा असतो. बहुतेक ठिकाणी तो वर्षानुवर्षं दिलेलाच नसतो आणि मग वर्गणीच्या हिशेबावरून दोन गट धर्मादाय कार्यालयात उभे राहतात. मानकरी आणि विश्वस्त ही दोन वेगळी पदं आहेत हे सुरुवातीलाच लिहून घ्या. पूजेचा मान एकाचा, पैशाची जबाबदारी दुसऱ्याची.

सहाण

बांधकामाचं मी सांगतो. जुन्या भिंती जांभ्याच्या असतील तर पाडू नका. जांभा पाणी पितो आणि उन्हात सोडतो. त्यावर सिमेंटचा गिलावा चढवला की आतली ओल बाहेर पडत नाही, दोन-तीन पावसाळ्यांत गिलावा फुगून सुटतो आणि चिरा भुसभुशीत होतो. चिऱ्यांमधल्या दरजा चुन्याने भरा, गिलावा लागलाच तर चुन्याचा. खाडीजवळ आरसीसी स्लॅब घालणार असाल तर खाऱ्या हवेने सळई गंजते, फुगते आणि काँक्रीट फोडते. जुनं कौलारू छप्पर शे-दीडशे वर्षं चाललं, कारण फुटलेलं कौल दर उन्हाळ्यात बदलता येत होतं. लाकडी खांब तपासताना तळाशी टोचून बघा. बहुतेकदा खालचा हातभर भाग कुजलेला असतो आणि वरचा ठणठणीत. तेवढाच कापून दगडी बैठक द्या.

ग्रॅनाइट गाभाऱ्यात नकोच. पावसाळ्यात त्यावर दव धरतं, गुरव घसरतो. कोबा किंवा जांभ्याची फरशी पुरते.

अबोली

आणि क्रम असा ठेवा. मूर्ती हलवायची की जागेवर ठेवूनच काम करायचं याचा कौल आधी, ठेकेदाराला आगाऊ रक्कम नंतर. हलवायची झाली तर कलाकर्षण करून देवाचं तत्त्व कलशात घेतात आणि बालालयात, म्हणजे तात्पुरत्या देवळात, नित्यपूजा चालू ठेवतात. सातेरीचं वारूळ असेल तर ते हलत नाही, त्यामुळे बांधकामाचा आराखडा वारुळाभोवती करावा लागतो. वर ताडपत्री घट्ट आवळू नका, मांडव घाला. वारूळ वाढतं, म्हणून सगळ्या बाजूंनी किमान दोन हात जागा सोडा आणि वाळवीचं औषध पायाभरणीत मारायचं नाही हे ठेकेदाराच्या करारातच लिहा. काम दिवाळीनंतर काढलं तर मिरगाच्या आधी कौलं चढतात.